बोधनदोषाचे सोंग : मेंदूच्या दुखापतीनंतरची पारख

डोक्याला मार लागल्यानंतर स्मरण, अवधान, आकलन किंवा विचाराचा वेग घटल्याचे मुद्दाम भासवणे, अथवा असलेला दोष फुगवून दाखवणे. नुकसानभरपाई, सवलत, शिक्षेतून सुटका यांसारखा बाह्य लाभ हा त्यामागचा हेतू असतो. हा मानसिक विकार मानला जात नाही. आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात त्यास झेड ७६.५ हा संकेतांक आहे. केवळ रुग्ण म्हणून वागवले जावे यासाठी केलेले आजाराचे प्रदर्शन (कृत्रिम विकार) वेगळे धरतात. परभणी जिल्ह्यात हा प्रश्न मुख्यतः दोन ठिकाणी उपस्थित होतो : मोटार अपघाताच्या दाव्यात (बोलीत ‘क्लेम’) आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारीत.

इतिहास : जर्मन मनोविकारतज्ज्ञ झीगबर्ट गान्झर यांनी १८९८ मध्ये कैद्यांमधील ‘जवळपासच्या उत्तरां’चे वर्णन केले. प्रश्न कळतो, पण उत्तर थोडक्यात चुकते, असा तो प्रकार. ते सोंग की विकार, याबद्दल तेव्हापासून मतभेद आहेत. स्विस मानसशास्त्रज्ञ आंद्रे रे यांनी १९४१ मध्ये ठिपके मोजण्याची कसोटी मांडली. पंधरा चिन्हांची कसोटीही त्यांचीच. लोरेन पँक्राट्झ यांनी १९७० च्या दशकात सक्तीच्या निवडीची पद्धत रुळवली. टॉम टॉम्बॉ यांची चित्रस्मरणाची कसोटी (टॉम) १९९६ ची. स्लिक, शेर्मन व आयव्हरसन यांनी १९९९ मध्ये निदानाचे निकष प्रसिद्ध केले व २०२० मध्ये ते सुधारले.

कसोट्यांचे तत्त्व : प्रयत्न खरा होता का हे पाहणाऱ्या या प्रयत्न-कसोट्या दिसायला अवघड आणि प्रत्यक्षात सोप्या असतात. खरोखर इजा झालेले बहुतेक रुग्णही त्या पार पाडतात. सोंग घेणारा मात्र ‘इजा झालेल्याला हे जमणार नाही’ अशा समजुतीने जास्त चुका करतो.

(१) सक्तीची निवड : टॉम कसोटीत ५० रेखाचित्रे दाखवून नंतर प्रत्येक वेळी दोनपैकी आधी पाहिलेले ओळखायला सांगतात. दुसऱ्या फेरीत ४५ पेक्षा कमी गुण संशयास्पद मानतात. काहीच न आठवणाऱ्याचीही अंदाजाने सुमारे २५ उत्तरे बरोबर यायला हवीत. केवळ अंदाजाने १८ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता सुमारे ३ टक्केच असते. गुण याहूनही बरेच खाली गेले, तर बरोबर उत्तर ठाऊक असून टाळले, असा निष्कर्ष निघतो. हा सर्वांत भक्कम पुरावा होय. मात्र तो क्वचितच मिळतो.

(२) ठिपके मोजणे : गटागटाने मांडलेले ठिपके विखुरलेल्या ठिपक्यांपेक्षा लवकर मोजून होतात. हा फरक दिसत नसेल किंवा उलटा दिसत असेल, तर प्रयत्नाबद्दल शंका घेतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या पण मोजणी येणाऱ्या व्यक्तीलाही ही कसोटी देता येते.

(३) अंकविस्तार : ऐकलेले अंक सुलट व उलट क्रमाने म्हणणे. ग्रीफेनस्टाइन व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये यातून ‘विश्वसनीय अंकविस्तार’ हा निर्देशांक काढला. तीव्र स्मृतिभ्रंशातही तात्काळ अंकस्मरण बहुधा टिकून असते, हा त्याचा आधार. शालेय शिक्षण कमी असेल तर हा निर्देशांक मुळातच खाली येतो.

(४) रे यांची पंधरा चिन्हे : पाच ओळी, प्रत्येकीत तीन चिन्हे. इंग्रजी मोठी अक्षरे, १-२-३ हे अंक, तीच इंग्रजी अक्षरे लहान लिपीत, भूमितीय आकृत्या आणि रोमन अंक. तक्ता दहा सेकंद दाखवून नंतर आठवेल ते काढायला सांगतात. नऊपेक्षा कमी चिन्हे आठवल्यास संशय घेण्याची रूढी आहे. इंग्रजी शिकलेल्याला येथे पाचच गोष्टी लक्षात ठेवायच्या असतात. ज्याचे शिक्षण बाराखडीपाशी थांबले, त्याच्या दृष्टीने त्या तक्त्यात दहाबारा सुट्या आकृत्या असतात. जिंतूर किंवा पालम तालुक्यातील शाळा न पाहिलेल्या शेतमजुराने सात चिन्हे काढली, तर त्यावरून प्रयत्नाविषयी काहीच सांगता येत नाही. इंग्रजी अक्षरांच्या जागी ‘अ आ इ’ घालून तक्ता सोपा करता येतो. परंतु मग नऊची मूळ सीमारेषा लागू राहत नाही.

कसोटीबाहेरची विसंगती : सौम्य दुखापतीत (शुद्धीच्या ग्लासगो मापनावर १३ ते १५) बोधनदोष बहुधा तीन महिन्यांत ओसरतो. सौम्य मार आणि वाढत जाणारा तीव्र विसर यांची सांगड बसत नाही. ध्यानात काहीच राहत नाही म्हणणारी व्यक्ती मोंढ्यात नव्या सौद्यांचा हिशेब चोख ठेवत असेल, तर ती नोंद महत्त्वाची ठरते. अंगवळणी पडलेली जुनी कामे मात्र खऱ्या इजेनंतरही टिकतात, त्यामुळे ट्रॅक्टर चालवता येणे हा सोंगाचा पुरावा नव्हे. उलट प्रकारही आढळतो : मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेला रुग्ण ‘मला काही झालेलं नाही’ असे ठामपणे सांगतो आणि तक्रार घरची माणसे करतात. अशा रुग्णाला भरपाई कमी मिळण्याचा धोका असतो.

भारतीय मापनसाधने : धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोटीचे कानडी व मराठी रूपांतर केले. त्यांचा ग्रंथ १९४० चा. ए. जे. मालिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी बुद्धिमापन श्रेणी तयार केली (१९६९). सामाजिक परिपक्वता श्रेणीचे भारतीय रूपही त्यांचेच. चंदीगडची पीजीआय स्मृतिश्रेणी १९७७ ची. बंगळुरूच्या निम्हान्सची चेतामानसशास्त्रीय कसोटीमाला (२००४) वय, लिंग व शिक्षण यांनुसार मानके देते व अशिक्षितांचा स्वतंत्र गट धरते. म्हणून मराठवाड्यातील प्रौढांसाठी ती अधिक उपयुक्त आहे. ही साधने क्षमता मोजतात. प्रयत्न खरा होता का, हे त्यांवरून थेट कळत नाही.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खालील दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात, त्यांवरील अपिले परभणीहून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातात. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अवयवाची टक्केवारी आणि कमाईची हानी वेगळी मानली. हात गमावलेल्या चालकाचे नुकसान तसाच हात गमावलेल्या कारकुनाच्या नुकसानीपेक्षा बरेच जास्त असते, हे त्यातील उदाहरण. रुग्णावर उपचार न केलेल्या डॉक्टरांनी नीट तपासणी न करता दिलेल्या ‘तयार’ प्रमाणपत्रांबाबत सावध राहण्यासही न्यायालयाने सांगितले. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघातानंतर सहा महिन्यांत दाखल करण्याची मुदत आली. तिला आव्हान दिले गेले आहे. तीव्र इजेतील सुधारणा त्यानंतरही चालू राहते, त्यामुळे एकाच तपासणीवर कायमची टक्केवारी ठरवणे अयोग्य होय.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. मेंदूची आघातजन्य इजा हा त्यांत स्वतंत्र प्रकार नाही. मानसिक आजारासाठी वापरली जाणारी ‘आयडियाज’ श्रेणी स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन, आणि काम या चार क्षेत्रांना गुण देते. तिच्यात प्रयत्नाची वेगळी तपासणी नाही.

प्रमाण : मिटनबर्ग व सहकाऱ्यांच्या २००२ च्या अमेरिकी पाहणीत सौम्य दुखापतीच्या प्रकरणांपैकी ३९ टक्क्यांत सोंग वा अतिरंजन असावे, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. तो आकडा येथील दावेदारांना लावू नये.

परभणीतील तपासणीच्या अटी : जिल्ह्यात मराठीबरोबर उर्दू, हिंदी व बंजारा बोलणारी कुटुंबे आहेत, आणि ऊसतोडीच्या हंगामात स्थलांतर करणाऱ्या घरांतील मुलांची शाळा तुटते. म्हणून अहवालात घरची भाषा, शिक्षणाची वर्षे आणि अंक कोणत्या भाषेत विचारले हे नोंदवणे आवश्यक आहे. किमान दोन स्वतंत्र प्रयत्न-कसोट्या, अपघातावेळची रुग्णालयाची कागदपत्रे आणि घराबाहेरच्या व्यक्तीकडून मिळालेली माहिती यांचा मेळ घालावा. एका कसोटीतील अपयशावर ‘सोंग’ असा शेरा मारू नये. ‘निकाल विश्वासार्ह नाहीत, पुनर्तपासणी करावी’ एवढेच लिहावे. हेतू ठरवणे न्यायाधिकरणाचे काम आहे.

उपचार : सोंगास उपचार नाही, सोबत असलेले नैराश्य, वेदना व निद्रानाश यांवर उपचार करावेत.

पाहा : अपघात नुकसानभरपाई, गान्झर लक्षणसमूह, दिव्यांगत्व प्रमाणपत्र, बुद्धिमापन, स्मृतिभ्रंश.