स्कँडिनेव्हियातील निळी-पांढरी भोजनपात्रे
डेन्मार्क, स्वीडन व नॉर्वे या देशांत अठराव्या शतकापासून तयार होत आलेली, पांढऱ्या पृष्ठावर कोबाल्टच्या निळ्या रंगाने नक्षी काढलेली चिनी मातीची वा तत्सम भाजणीची भांडी. या नक्ष्या अनेकदा लोकांच्या आवडीतून उतरल्या व पुन्हा प्रचारात आल्या. त्यामुळे त्यांचा इतिहास हा बव्हंशी पुनरुज्जीवनांचाच इतिहास आहे.

या परंपरेचे मूळ चिनी आहे. स्वीडिश (१७३१) व डॅनिश (१७३२) व्यापारी कंपन्यांची जहाजे कँटनहून निळी-पांढरी भांडी आणीत. ती अतिशय महाग असल्याने यूरोपात त्यांचे अनुकरण सुरू झाले. जर्मनीतील माइसेन येथे १७४० च्या सुमारास चिनी फुलांवरून एक नक्षी तयार झाली. कोपनहेगन येथे रसायनज्ञ फ्रान्त्स हाइन्रिख म्यूलर याने राणी यूलिआने मारी हिच्या आश्रयाने १७७५ मध्ये कारखाना काढला, तेव्हा हीच नक्षी त्याने पहिल्या क्रमांकाची म्हणून स्वीकारली. पन्हळीदार कडांच्या भांड्यांवरील ही नक्षी ‘मुसेलमालेट’ या नावाने ओळखली जाते. भांड्यांच्या तळाशी काढलेल्या तीन लाटा एरसुंड, ग्रेट बेल्ट व लिटल बेल्ट या डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुनींच्या निदर्शक आहेत. १७७९ मध्ये कारखाना राजाच्या ताब्यात गेला.

रंगाची निवड केवळ आवडीची नव्हती. झिलईखाली रंगवून उच्च तापमानाच्या भट्टीत टिकणारे रंग त्या काळी थोडेच होते व त्यांत कोबाल्ट सर्वांत भरवशाचा होता. प्रथम भाजलेल्या, पाणी शोषणाऱ्या भांड्यावर कुंचल्याने नक्षी काढतात. फटकारा चुकल्यास तो सहजी पुसता येत नाही. लावताना मळकट दिसणारा रंग झिलईसह पुन्हा भाजल्यावर निळा होतो व काचेसारख्या थराखाली कायमचा बंदिस्त राहतो. एका साध्या ताटलीवर ११९७ फटकारे द्यावे लागतात, असा कारखान्याचाच हिशेब आहे.

एकोणिसाव्या शतकात अभिजाततावादी अभिरुचीच्या प्रभावामुळे ही नक्षी मागे पडली. १८८२ मध्ये आलुमिनिया या मृत्पात्री-कारखान्याने ही संस्था विकत घेतली. १८८५ मध्ये कलासंचालक झालेला वास्तुशिल्पज्ञ आर्नोल क्रोग याने जुन्या नक्षीची रेषा शुद्ध करून तिला लेससारख्या किनारीची जोड दिली. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात कारखान्यास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ते मुख्यत्वे क्रोगच्या झिलईखालील निसर्गचित्रणाचे यश होते. तथापि निळ्या रंगाकडे कलेचे माध्यम म्हणून पाहण्याची दृष्टी दोन्हींमागे एकच होती.

स्वीडनमधील ररस्ट्रांड (स्थापना १७२६) या कारखान्याची वाट निराळी. कँटनहून परतणारे ‘गोथेबोर्ग’ हे जहाज १७४५ मध्ये गोथेनबर्ग बंदराच्या तोंडाशीच बुडाले. त्यातून मिळालेल्या भांड्यांच्या तुकड्यांवरून १९३२ मध्ये ‘ओस्टइंडिया’ हा संच सिद्ध झाला. नावात ‘इंडिया’ असले, तरी नक्षीचा भारताशी संबंध नाही. आशियाई सागरी व्यापाराला सरसकट दिले जाणारे हे नाव होय. मारिआन वेस्टमान हिने १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत रेखाटलेला, लहान निळ्या फुलांचा ‘मोनामी’ संच मात्र चिनी अनुकरणापासून मुक्त होता. त्याचे उत्पादन बंद पडले व २००८ मध्ये, तिच्या ऐंशीव्या वर्षी, पुन्हा सुरू झाले.

सर्वांत धाडसी पुनरुज्जीवन २००० मधील होय. कारेन केल्गोर-लार्सन या अभिकल्पाच्या विद्यार्थिनीने मुसेलमालेटमधील एकेक फूल व पान अनेक पटींनी मोठे करून ताटलीच्या एका बाजूला मांडले. उरलेला भाग मोकळा राहिला. ‘मेगा’ नावाच्या या मालिकेत नवे रेखाटन जवळजवळ नाही, फक्त प्रमाण बदललेले आहे. तरीही आजीच्या कपाटातील ठेवणीतली भांडी तरुण घरांत रोजच्या वापरात आली. मूळ नक्षीची तंतोतंत नक्कल करून हे साधले नसते. जुन्या व नव्या ताटल्या एकाच मेजावर मिसळून मांडता येतात, हेही त्याचे एक कारण. झिलईवरील सोनेरी किनार यंत्राच्या धुण्यात झिजते, तशी झिलईखालील निळी नक्षी झिजत नाही. अठराव्या शतकातील तांत्रिक अडचण अशी आधुनिक स्वयंपाकघरात गुण ठरली.

या यशाची दुसरी बाजू कारागिरांची आहे. हाताने रंगविण्याचा खर्च डेन्मार्कमध्ये परवडेनासा झाल्याने २००० नंतरच्या दशकात कोपनहेगनच्या कारखान्याचे बहुतांश उत्पादन थायलंडमध्ये गेले. ररस्ट्रांडचा लिडशोपिंग येथील कारखाना २००५ मध्ये बंद झाला. पुढे फिस्कार्स या फिनिश कंपनीने ररस्ट्रांड (२००७) व रॉयल कोपनहेगन (२०१३) या दोन्ही नाममुद्रा घेतल्या. नक्षी टिकली, पण तिच्याबरोबर पिढ्यानपिढ्या वाढलेला चित्रकारांचा वर्ग आपल्या शहरांत राहिला नाही. तीन लाटांशेजारी रंगविणाऱ्याची खूण आजही असते. ती आता बहुधा एखाद्या थाई कारागिराची असते.