स्वस्त शहर, पण कुणासाठी?

लॅपटॉप घेऊन परदेशात राहायचं आणि काम इथल्याच कंपनीचं करायचं, तर स्वस्त शहर कुठलं? हा प्रश्न सारखा येतो. शहरांची नावं घेण्याआधी आज मी तुम्हाला शंभर वर्षं मागे नेते.

डिसेंबर १९२१. २२ वर्षांचा अर्नेस्ट हेमिंग्वे बायकोसोबत पॅरिसला राहायला आला. पुढे त्याला नोबेल मिळालं, पण तेव्हा तो कॅनडातल्या 'टोरंटो स्टार'चा बातमीदार होता. राहणं पॅरिसला, पगार टोरंटोचा. म्हणजे रिमोट वर्कच की!

पॅरिसच का? महायुद्धाआधी एका डॉलरला साधारण ५ फ्रँक मिळायचे, १९२२ च्या सुरुवातीला १२ च्या आसपास. फेब्रुवारीत त्यानं लिहून टाकलं, वर्षाला हजार डॉलरमध्ये इथं मजेत राहता येतं.

त्याच वर्षी तो ऱ्हाईन नदी ओलांडून जर्मनीतल्या केल गावी गेला. तिथं मार्क फ्रँकपेक्षाही कोसळला होता. १० फ्रँकचे ६७० मार्क मिळाले, आणि तेवढ्यात दोघांनी दिवसभर मनसोक्त खर्च केला. त्यांनी सफरचंदं घेतली, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ बघत उभे होते. १२ मार्क त्यांना परवडत नव्हते. हेमिंग्वेच्या हिशोबात ती रक्कम दोन सेंटसुद्धा नव्हती. हे त्यानंच बातमीत लिहिलंय.

मला इथं थांबावंसं वाटतं. सफरचंद तेच, बाजार तोच. फरक एवढाच की एकाची कमाई बाहेरून येत होती आणि दुसऱ्याची जमापुंजी विरघळत होती.

जुलै १९२६ मध्ये डॉलर ५० फ्रँकच्या जवळ गेला, तेव्हा पॅरिसकरांनी परदेशी पर्यटकांच्या बसगाड्यांची हुर्यो उडवली. पुढे फ्रँक सावरला, १९३४ मध्ये डॉलरचं अवमूल्यन झालं आणि डॉलरवाल्यांचं स्वस्त पॅरिस संपलं.

म्हणून जागा निवडताना मी तीन गोष्टी बघायला सांगेन. तुमचा पगार रुपयात असेल, तर तिथल्या चलनाचा दोन-तीन वर्षांचा भाव काढा. व्हिसासाठी उत्पन्नाची अट तपासा. पोर्तुगालनं २०२२ मध्ये आणलेल्या व्हिसाला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई लागते. आणि तिसरी, तिथल्या शिक्षकाला किंवा नर्सला तेच घरभाडं परवडतं का, हे विचारा. परवडत नसेल, तर तिथलं स्वस्त फक्त तुमच्यापुरतं आहे, आणि शेजाऱ्यांना ते ठाऊक असतं.

तुमच्या यादीत कुठलं शहर आहे? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!