लाल ठिपक्याचं काय झालं?

फ्लाइट सिम्युलेटरमधल्या जुन्या लढाऊ विमानांना रंग देतो असं सांगितलं, की समोरचा विचारतो, "म्हणजे गेम खेळतोस ना?" खेळतो. पण खेळण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ विमानाची कातडी रंगवण्यात जातो. तिला आमच्यात 'स्किन' म्हणतात, जरा प्रतिष्ठा हवी असेल तर 'लिव्हरी'.

गेममधल्या विमानाचा पृष्ठभाग उलगडून एका सपाट चौकोनावर पसरलेला असतो, शिंप्यानं बेतलेल्या कापडासारखा. पंख इकडे, शेपूट तिकडे, पोटाच्या दोन फाळी कुठेतरी कोपऱ्यात. त्या चौकोनावर जे रंगवाल ते विमानावर चढतं. २००१ सालच्या 'आयएल-२ स्टर्मोविक'मध्ये हा चौकोन १०२४ पिक्सेलचा होता आणि रंग मिळायचे २५६. आता तो ४०९६ पिक्सेलचा असतो, शिवाय चकाकीसाठी आणि खडबडीतपणासाठी वेगळे थर. पूर्वी जिथे एक ठिपका दिसायचा तिथे आता रिव्हेट मोजता येतात. पण जितके पिक्सेल वाढले तितकी थापा मारायची जागाही वाढली.

कारण इतिहास लिहिणाऱ्याला असलेली एक सोय इथे नाही. 'याविषयी पुरावा मिळत नाही' असं लिहून त्याला पुढच्या परिच्छेदात जाता येतं. माझा एकही पिक्सेल कोरा राहू शकत नाही. फोटो डाव्या बाजूचा असला तरी उजवी बाजू रंगवावीच लागते.

उदाहरण घेऊ इंफाळच्या हरिकेनचं. भारतीय हवाई दलाची १ नंबर स्क्वाड्रन १९४४च्या फेब्रुवारीत इंफाळला आली. प्रमुख होते अर्जन सिंग, वय पंचविशीच्या आत. काम मुख्यतः टेहळणीचं: झाडांच्या शेंड्यांवरून जात जपानी सैन्य कुठून सरकतंय ते बघायचं. मार्चच्या अखेरीस जपान्यांनी कोहिमा-इंफाळ रस्ता तोडला, तो २२ जूनला पुन्हा उघडला. त्या वेढ्यातही ही विमानं खोऱ्यातून उडत राहिली. तिथेच माउंटबॅटन यांनी अर्जन सिंगांना डीएफसी प्रदान केलं.

विमानाचे मूळ रंग सोपे आहेत. वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी. दोन्हींच्या वळणदार पट्ट्यांची आकृती ब्रिटिश हवाई मंत्रालयानं ठरवून दिलेली होती, म्हणून न दिसणारी बाजूही नियमानं भरता येते. अवघड आहे ते राउंडेल, म्हणजे पंखांवरचं आणि अंगावरचं वर्तुळ. ब्रिटिश राउंडेल मूळचं तीन रंगांचं, मधोमध लाल ठिपका. जपानी विमानावरही लाल गोळा, त्यांचा सूर्य. जंगलावरून ताशी चारशे किलोमीटरनं जाणारं विमान बघणाऱ्याच्या हातात दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात डोळ्याला लाल दिसलं की बोट चापावर जातं. १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एका कॅटालिना विमानावर अमेरिकी नौदलाच्या वैमानिकानं जपानी समजूनच गोळ्या झाडल्या. अमेरिकेनं त्याच वर्षी आपल्या ताऱ्यातला लाल ठिपका काढला. पुढच्या वर्षी ताऱ्याच्या चिन्हाभोवती लाल किनार आणली आणि काही महिन्यांत तीही निळी केली. आपल्याकडच्या आघाडीवर राउंडेलमधला लाल गेला. राहिला गडद निळा आणि मध्ये आधी पांढरा, पुढे फिकट निळा. पांढरा दुरून फार चमकतो, म्हणून.

आता समोर कृष्णधवल फोटो आहे. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल जवळजवळ दिसतच नसे. लाल काळा उमटे, पिवळा गडद होई, निळा मात्र उजळे. म्हणजे पांढरा ठिपका आणि फिकट निळा ठिपका तिच्यावर एकसारखे. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर उलटी पंचाईत, लाल आणि निळा बऱ्याचदा एकाच करड्यात मिसळतात. तेव्हा फोटोकडे बघण्याआधी फिल्म कोणती ते ओळखावं लागतं: आकाश किती पांढरं आलंय, माणसांचे ओठ किती काळे. ज्या रंगावर तेव्हा जीव अवलंबून होता, तोच रंग कॅमेऱ्यानं गिळलेला असतो.

जाता जाता, ओरखड्यांविषयी. हौशी रंगाऱ्यांना झिजलेलं विमान फार आवडतं, अंगभर चंदेरी खरचटे ओढतात. हरिकेनच्या कॉकपिटमागचं अंग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचं होतं. तिथे रंगाखाली धातू नाहीच, चंदेरी काय दिसणार? कापड फिकं पडतं, मळतं, ठिगळ लागतं.

या स्किनवर सगळ्यात जास्त तक्रार येते ती मात्र वेगळीच: "यात भारतीय काय आहे? तिरंगा कुठाय?" प्रश्न मनापासून विचारलेला असतो, म्हणून टाळवत नाही. विमानावर भारतीय असं काहीच नाही. तेच राउंडेल, तेच रंग. शेजारच्या धावपट्टीवर ब्रिटिश स्क्वाड्रनची हरिकेन उभी केली तर अक्षरं आणि आकडे सोडून फरक सांगता येऊ नये. आपल्या विमानांवर आधी निळं अशोकचक्र आणि मग केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ आलं ते स्वातंत्र्यानंतर.

आणि तिरंगा त्या खोऱ्यात होता. १४ एप्रिल १९४४ रोजी मोइरांगला, इंफाळपासून साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर, आझाद हिंद फौजेनं तो फडकावला. म्हणजे खाली तिरंगा घेतलेले भारतीय, आणि त्याच खोऱ्यावर परक्या वर्तुळाखाली, शत्रूचा सूर्य वाटू नये म्हणून लाल पुसलेल्या वर्तुळाखाली, उडणारे भारतीय. दोन्हीकडच्यांच्या नावांनी आज आपल्याकडे रस्ते आहेत. पंखावर तिरंगा रंगवला तर दोन क्लिकचं काम आहे, आणि दिसेलही छान. पण मग मोइरांगचा तिरंगा कोणाविरुद्ध होता ते त्या चौकोनातून पुसलं जाईल.

"निदान अर्जन सिंगांचंच विमान कर" अशीही मागणी असते. एका नेमक्या विमानावर त्यांचं नाव टाकायचं तर तो क्रमांक त्यांच्या उड्डाणनोंदीत दिसायला हवा, एरवी नाही. म्हणून माझ्या फाइलचं नाव एवढंच आहे: 'हरिकेन, १ नंबर स्क्वाड्रन, इंफाळ, १९४४'. सोबत अर्ध्या पानाची टीप असते. डावी बाजू फोटोवरून, उजवी मंत्रालयाच्या आकृतीवरून. ठिपका फिकट निळा. तो आवडला नाही तर पांढऱ्या ठिपक्याचा थरही दिलाय, तारखेप्रमाणे बदलून घ्या. लाल ठिपक्याचा दिलेला नाही.