शाळानिवड : सामाजिक अडचणी असलेली प्रज्ञावान मुले (मुंबई उपनगरे)

बुद्धी वयाच्या पुढे, पण समवयस्कांत मिसळणे जड, अशा मुलांसाठी योग्य शाळा ठरविण्याची प्रक्रिया. असे मूल गणिताचा तास सुरू होताच पाठ संपवते आणि मधल्या सुट्टीत एकटेच जिन्यात बसते. त्याचे गुण चांगले असल्याने अडचण उशिरा लक्षात येते.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील बहुतेक पालक नेहमीच्या शाळेतच मार्ग शोधतात. लहान पटसंख्या, समजूतदार वर्गशिक्षक, समुपदेशक आणि गरजेप्रमाणे शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत राहून मदत करणारा शिक्षक) या बाबी शाळेच्या शिक्षण मंडळापेक्षा अधिक मोलाच्या ठरतात. स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता आढळल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 लागू होतो. निव्वळ प्रज्ञेला मात्र असे कायदेशीर संरक्षण नाही, ही मोठी उणीव आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रज्ञावान विद्यार्थ्यांचा उल्लेख आहे, परंतु तो कायदा नव्हे.

प्रज्ञावान मुलांसाठीची ज्ञानप्रबोधिनी प्रशाला (1969) पुण्यात आहे. उपनगरातून रोज जाणे अशक्य, आणि घर सोडून राहणे अशा मुलाला सहसा झेपत नाही. दुसरा पर्याय म्हणजे, घरी शिकून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे वयाच्या चौदाव्या वर्षानंतर दहावीची परीक्षा देता येते. या मार्गात सोबत्यांची उणीव भासते, म्हणून बुद्धिबळ, विज्ञान किंवा नाट्यवर्गाची जोड द्यावी. समान आवड असली की मैत्री तिथे लवकर जुळते. मूल शाळेतच असल्यास त्याला वरच्या इयत्तेत उडी घेऊ देण्याचा निर्णय बुद्ध्यांकावर सोपवू नये. मुलाचे भावनिक वय आधी पाहावे.