दोन स्क्रूंचा इतिहास

१ एप्रिल २०२० नंतर ज्यांनी आयुष्यातली पहिली बाईक घेतली, त्यांना ‘गाडी ट्यून करून आणतो’ म्हणजे नक्की काय, ते समजावून सांगावं लागेल. त्या दिवशी देशभर बीएस-६ लागू झालं आणि शंभर-सव्वाशे सीसीच्या नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. माझी गाडी अजून जुनी, कार्बोरेटरवाली आहे. त्यामुळे लेख थोडा पक्षपाती असणार, आधीच सांगून ठेवतो.

तर मंडळी, हा कार्बोरेटर करतो काय? १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण जमवणं, एवढंच त्याचं काम. हवेची वाट मध्येच अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर ओढलं जातं. ना बॅटरी, ना सेन्सर. यामागचं गणित बर्नोलीने १७३८ साली छापलं, अरुंद नळीतल्या प्रवाहावर व्हेंतुरीने १७९७ साली लिहिलं. पण फवारा मारणारा कार्बोरेटर यायला १८९३ साल उजाडलं. जर्मनीत माइबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका, दोन्हीकडे त्याच वर्षी! पुस्तकातून यंत्रात यायला तब्बल १५५ वर्षं.

पुढे १९२७ च्या सुमारास इंग्लंडमधल्या तीन कार्बोरेटर कंपन्या एकत्र येऊन बर्मिंगहॅमची ‘अमाल’ झाली. १९६० मध्ये जपानच्या मिकुनीने अमालचं लायसन्स घेतलं. आणि आपल्या आरएक्स १०० मध्ये जो कार्बोरेटर होता तो मिकुनी घराण्यातलाच. म्हणजे पुण्या-मुंबईच्या कॉलेजबाहेर जो आवाज घुमायचा, त्याची वंशावळ थेट बर्मिंगहॅमला जाते.

आपल्याकडे खरी धमाल १९८४ ते १९८६ या काळात झाली. इंड-सुझुकी, यामाहा, हिरो होंडा आणि कावासाकी बजाज अशा चार शंभर सीसी गाड्या लागोपाठ आल्या. त्यात फक्त हिरो होंडाची सीडी १०० फोर-स्ट्रोक. तिची जाहिरात आठवते? ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट.’ पेट्रोल भरा आणि विसरून जा. पण विसरलं मात्र कुणीच नाही! कारण कार्बोरेटरवर दोन स्क्रू होते आणि ते फिरवायची कुणालाही मुभा होती.

ही रविवार सकाळची विद्या अशी: आधी एअर फिल्टर साफ, प्लग काढून बघायचा. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढराफटक असेल तर कमी, फिकट कॉफीचा रंग असेल तर झकास. टॅपेट आवाज करत असतील तर ते आधी सेट करायचे. हे न करता स्क्रू पिळणं म्हणजे बग एका फाईलमध्ये आणि पॅच भलत्याच फाईलला. मग इंजिन चांगलं गरम करून आयडलिंगचा स्क्रू थोडा चढवायचा. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग साधारण दीड आटे बाहेर. आता पाव-पाव आटा मागेपुढे करत कान द्यायचा. एका जागी इंजिनचा आवाज चढतो आणि एकसारखा होतो. तिथे थांबायचं आणि आयडलिंग पुन्हा खाली आणायचं. बस्स.

आता दुसरी बाजू. कानाने लावलेलं प्रमाण शेवटी अंदाजच. महाबळेश्वरला हवा विरळ होते, पण कार्बोरेटरला त्याचा पत्ता नसतो. तो पेट्रोल जास्तच पाजत राहतो. इंजेक्शनवाली गाडी सेन्सरची आकडेवारी बघून क्षणोक्षणी हिशोब बदलते. शहरातल्या लाखो गाड्यांचा धूर आपल्याच छातीत जातो, तेव्हा बीएस-६ चुकलं असं मी अजिबात म्हणणार नाही.

मला खुपतं ते वेगळंच. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याचं भांडवल म्हणजे त्याचा कान. वीस-वीस वर्षं घासून तयार केलेला. नवीन गाडीत बिघाड शोधायला स्कॅनर लागतो, आणि बारक्या गॅरेजला तो परवडेलच असं नाही. यंत्र शहाणं झालं, चांगलं झालं. पण ते उघडून बघायचा हक्कही त्यासोबत गेला पाहिजे, असं कुठे लिहिलंय? आम्ही ऑफिसात सोर्स कोड खुला असावा म्हणून तावातावाने भांडतो. तीच मागणी आपल्या गाडीच्या बाबतीत केली तर बिघडलं कुठे?

सीडी १०० ची ती जाहिरात ३५ वर्षांनी खरी झाली. आता आपण खरंच विसरून जातो. सोय म्हणून उत्तम आहे. फक्त, ज्याला विसरायचं नसेल त्याच्यासाठी एखादा स्क्रू शिल्लक ठेवायला हवा होता.