यात्रेचा मळ कोणाच्या डोक्यावर?

यात्रेचं पुण्य आपण घरी घेऊन येतो. पण यात्रेचा मळ? तो कुठं राहतो आणि कोण उचलतो? आज निरूपणाला हाच प्रश्न घेऊ.

संत गाडगेबाबांचं चरित्र पाहा. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव डेबूजी. 1905 साली त्यांनी घर सोडलं. बरोबर काय घेतलं? अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक मातीचं गाडगं. भाकरी त्यातच, पाणीही त्यातच. त्या गाडग्यावरूनच जगानं त्यांना नाव दिलं. आणि आपण? दोन दिवसांच्या यात्रेला निघालो की पाण्याच्या किती बाटल्या विकत घेतो आणि किती वाटेत टाकतो, हे ज्याचं त्यानं मोजावं.

बाबा गावात आले की आधी रस्ते झाडायचे, गटारं उपसायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. दिवसा गाव झाडलं, रात्री मनं झाडली. पंढरीच्या यात्रेतही खराटा हातातच. भाविक उघड्यावर राहतो, त्याचे हाल होतात, हे पाहून त्यांनी तिथं धर्मशाळा उभ्या केल्या. ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. 20 डिसेंबर 1956 रोजी बाबा गेले.

आता पुढची गोष्ट ऐका, कठीण आहे ती. एकादशीला पंढरीत लाखो माणूस लोटतो. शौचालयं पुरत नसत. मग चंद्रभागेचं वाळवंटच घाण व्हायचं. ज्या वाळवंटात संत नाचले, तिथं पाऊल टाकायला जागा नसे. आपण दर्शन घेऊन गाडीत बसायचो. मागं राहिलेला मैला उचलायचा कोणी? माणसानंच, हातांनी. ही प्रथा बंद करणारा कायदा 1993 साली झाला, 2013 साली आणखी कडक झाला. तरीही पंढरीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. पुढं 2015 पासून पालखीच्या मुक्कामांवर फिरती शौचालयं देणारी ‘निर्मल वारी’ सुरू झाली. सोय झाली, उत्तम झालं. पण ती वापरायची तर आपणच ना?

अहो, सगळ्यांभूती देव आहे म्हणायचं आणि आपली घाण दुसऱ्या देवाच्या डोक्यावर द्यायची, हा कुठला परमार्थ?

पंढरी लांब राहिली, आपल्या रत्नागिरीचंच बोलू. गणपतीपुळ्याला डोंगरच देव. त्याला प्रदक्षिणा घालायची आणि समोर समुद्र. देवळांत देवासमोर दगडी कासव असतं. कूर्मावतार म्हणून आपण हात जोडतो. आणि जिवंत कासव? थंडीच्या दिवसांत मादी आपल्या जिल्ह्यातल्या किनाऱ्यांवर येऊन वाळूत अंडी घालते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 साली सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी ती अंडी राखायला सुरुवात केली. पिल्लू बाहेर पडतं आणि पाण्याकडं धाव घेतं. त्याच्या वाटेत आपली पिशवी आडवी येते. मोठं कासव पाण्यात तरंगणारी पिशवी भक्ष्य समजून गिळतं. दगडाला नमस्कार आणि जिवाला फास!

राज्यात 2018 साली प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्या बंद झाल्या. पण यात्रेकरूला कायद्याची वाट कशाला पाहायला हवी? कोकणात केळीचं पान आहे, पत्रावळ आहे, द्रोण आहे. निघताना घरून पाण्याचा तांब्या नाहीतर बाटली घ्यावी, कापडी पिशवी घ्यावी, कचरा त्याच पिशवीतून परत आणावा. चौघं असाल तर एकच गाडी करावी, जमेल तिथं एस.टी.नं जावं. निर्माल्य पाण्यात न सोडता कुंडात द्यावं.

बाबांनी खराटा आयुष्यभर हातात धरला. आपण निदान त्यांच्या खराट्याचं काम वाढवू नये. एवढं जमलं, तर यात्रा पावली म्हणा. रामकृष्ण हरी!