रूथची गोष्ट आणि पनवेलचे बेने इस्राएल

आज लांब जायचं नाही, पनवेलमधूनच सुरुवात करू. इथे बेथ एल नावाचं सिनेगॉग आहे, १८४९ सालचं. बेथ एल म्हणजे हिब्रूत 'देवाचं घर'. इथे प्रार्थनेला येणारे लोक घरी मराठी बोलणारे. पेणकर, रोहेकर, केहिमकर अशी गावावरून आडनावं लावणारे बेने इस्राएल.

आता हे नाव नीट ऐका. बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरं. हिब्रू शास्त्रात मोशेच्या मागे मिसरमधून निघालेल्या लोकांना हेच म्हटलंय. म्हणजे या लोकांकडे नाव थेट पुस्तकातलं होतं. पुस्तक मात्र शेकडो वर्षं नव्हतं!

त्यांच्यात सांगतात ते असं: अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. मग ते तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव म्हणायचं 'शनवार तेली'. पुढे दावीद राहाबी नावाचा एक ज्यू आला. त्याने म्हणे बायकांसमोर सगळ्या प्रकारची मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेली घेतली, बाकीची बाजूला सारली. शास्त्रात नियम अगदी तोच आहे. ही दंतकथा आहे, पण मला आवडते: पोथी बुडाली, तरी स्वयंपाकघर विसरलं नाही.

सणांची नावंही बघा. वर्षारंभ म्हणजे 'नव्याचा सण'. मंदिर पडल्याच्या दुखवट्याचा उपास म्हणजे 'बिरड्याचा रोजा'. हो, आपल्या वालाचं बिरडं!

एकोणिसाव्या शतकात पुस्तक परत आलं. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. आणि मग प्रश्न आला, या पुस्तकातले नेमके कोणते लोक आपण? हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहिला. त्यांचा एक मुद्दा असा की आपल्याकडे हनुक्का हा सण नव्हता, म्हणजे तो सुरू व्हायच्या, इसवी सनापूर्वी १६५ च्या सुमाराच्या, आधीच पूर्वज निघाले असणार. मला हे फारसं पटत नाही. एखादी गोष्ट आठवत नाही म्हणजे ती कधी नव्हतीच, असं थोडंच असतं?

पण हा वाद पुढे घरातला राहिला नाही. इस्राएल देश झाल्यावर हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने सूचना काढली की यांचं लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्या तपासा. कुणी परक्यांत लग्न केलं होतं का, घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते का. कोकणातल्या खापरपणजीचा पुरावा आणायचा कुठून, सांगा!

तेव्हा मूळ पुस्तकच काय म्हणतं ते पाहू. 'अनुवाद' या ग्रंथात म्हटलंय की मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत देवाच्या मंडळीत घेऊ नका. एज्राच्या ग्रंथात परक्या बायकांना घराबाहेर काढायला लावलंय. आणि त्याच शास्त्रात रूथची गोष्ट आहे. रूथ मवाबी. विधवा झाल्यावर ती सासूचा हात सोडत नाही, बेथलेहेमला येते, दुसरं लग्न करते. तिचा पणतू कोण? दावीद राजा!

हे एकाच हाताने लिहिलं असेल? परंपरा म्हणते तोरा मोशेने लिहिली. पण 'अनुवाद'च्या शेवटी मोशेचा मृत्यू सांगितलाय. जुन्या रब्बींनाही हे खटकलं होतं. त्यांच्यातलं एक मत असं की शेवटची आठ वाक्यं यहोशवाची. १८७८ मध्ये जर्मन अभ्यासक वेलहाउझेनने तोरेत वेगवेगळ्या काळांतले चार धागे दाखवले. त्यातल्या कित्येक गोष्टींवर अजून भांडणं चालू आहेत. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला, कारण तीनशे वर्षांत त्यात इतरांचे हात लागले होते. रूथची गोष्ट एज्राच्या कडक नियमाला उत्तर म्हणूनच लिहिली गेली, असं काही अभ्यासकांना वाटतं. सगळ्यांना नाही. पण आपले कोण हा वाद पुस्तकाच्या आतच चाललाय, एवढं तर दिसतंच.

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल जेरुसलेममध्ये बायकापोरांसह धरण्याला बसले. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने सांगितलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. धर्मपीठाने चौकशीचा नियम तसाच ठेवला, फक्त त्यातून 'बेने इस्राएल' हे दोन शब्द काढले.